टांगत्या कुंडीतला टोमॅटो आणि दोन लिटर पाण्याचं गणित

वीस-पंचवीस सेकंदांचा तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. प्लॅस्टिकची रिकामी बाटली कापायची, तिच्या तोंडातून टोमॅटोचं रोप उलटं बाहेर काढायचं, वरून माती भरायची, दोरी ओवायची आणि हुकाला टांगायची. पुढच्याच क्षणी खाली लालबुंद घोस लोंबताना दिसतात. मधले दोन-तीन महिने गायब! पण सगळी गोम त्या गायब महिन्यांतच असते.

माझा पहिला प्रयोग असाच होता. दोन लिटरची बाटली, उलटं रोप. आठवड्याभरात रोपाने गळासारखं वळण घेतलं आणि शेंडा पुन्हा आकाशाकडे निघाला. फुलं आली, त्यातली बरीच गळली. शेवटी चार टोमॅटो धरले आणि त्यातल्या तिघांचं बूड काळं पडलं. मी बियाण्याला बोल लावले, उन्हाला लावले, एकदा तर शेजारच्या मांजरालाही लावले. खरा दोष बाटलीच्या आकारात होता, हे कळायला आणखी एक हंगाम गेला.

टांगत्या कुंडीतल्या टोमॅटोच्या बहुतेक सगळ्या तक्रारी एकाच ठिकाणी येऊन मिळतात: कुंडीत पाणी मावतं किती आणि ते संपतं किती लवकर. तिथे जायच्या आधी, रोप का वळतं ते पाहू.

रोपाला वर-खाली कळतं कसं?

१८०६ साली थॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रज बागायतदाराने एक गंमत केली. बागेतल्या ओढ्याच्या पाण्यावर फिरणारं एक उभं चाक बनवलं आणि त्याच्या कडेला रुजणाऱ्या बिया बांधल्या. चाक गरगर फिरत राहिल्यामुळे बियांना 'खाली' अशी दिशाच उरली नाही, बाहेर फेकणारा जोर तेवढा राहिला. मुळं बाहेरच्या दिशेने वाढली आणि कोंब चाकाच्या मध्याकडे. म्हणजे रोप उजेड नसला तरी ओढ ओळखतं. मुळं ओढीच्या दिशेने जातात, कोंब तिच्या उलट.

रोपाकडे हे ओळखायचं साधन अगदी साधं आहे. मुळांच्या टोकाशी आणि खोडातल्या काही पेशींत स्टार्चचे जड कण असतात. लहान मुलाचा खुळखुळा तिरका केला की आतले मणी खालच्या बाजूला घरंगळतात, तसे हे कण रोप आडवं झालं की पेशीच्या नव्या तळाशी जाऊन बसतात. त्या खुणेवरून ऑक्सिन नावाचं वाढीचं संप्रेरक खालच्या बाजूला जास्त जमतं. गंमत अशी की खोडात ऑक्सिन वाढलं की त्या पेशी जास्त लांबतात, म्हणून खोड वर वळतं. मुळांत तेच ऑक्सिन जास्त झालं की वाढ मंदावते, म्हणून मूळ खाली वळतं.

तेव्हा उलटं लावलेलं रोप वर वळतं, यात त्याचं काही बिघडलेलं नसतं. बिचारं आपलं काम करत असतं. पुढे फळांचं वजन आलं की वळलेल्या फांद्या पुन्हा खाली येतात. व्हिडिओत दिसतं ते हे शेवटचं चित्र.

मग उलटं लावूच नये का?

लावता येतं, पण मी लावणार नाही. उलट्या लागवडीचे म्हणून जे फायदे सांगतात, म्हणजे काठीचा आधार लागत नाही, जमीन लागत नाही, पानांवर मातीचे शिंतोडे उडत नाहीत, ते सगळे सरळ लावून टांगलेल्या कुंडीतही मिळतात. रोप वरून लावायचं आणि फांद्या काठावरून खाली सोडायच्या, झालं.

उलट्या कुंडीचे तोटे मात्र तिचे एकटीचे. वरून घातलेलं पाणी भोकातून झिरपून खोडावरून पानांवर उतरतं. पानं वारंवार ओली राहिली की करप्याला आमंत्रणच. दुसरं असं की पाणी नेहमी तळाशी साचतं आणि उलट्या रोपाचं खोड नेमकं तळाशी असतं. सरळ कुंडीत खोडाजवळची माती लवकर सुकते, इथे तीच सगळ्यात ओली राहते. शिवाय रोपाच्या डोक्यावर कुंडीचीच सावली. एवढं सोसून मिळतं काय, तर फोटो.

सगळे टोमॅटो टांगायच्या लायकीचे नसतात

टोमॅटोच्या जातींचे वाढीवरून दोन गट पडतात. अमर्यादित वाढीच्या जाती शेंडा वाढवतच राहतात. आधार मिळाला तर माणसाच्या डोक्यावरून जातात आणि फुलंही टप्प्याटप्प्याने येत राहतात. मर्यादित वाढीच्या जातींत ठरावीक उंचीनंतर शेंड्यालाच फुलांचा घोस येतो आणि वाढ तिथे थांबते. १९१४ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात असं स्वतःच थांबणारं रोप आढळलं. एका जनुकातल्या आपोआप झालेल्या बदलाने ते तसं झालं होतं. यंत्राने तोडणी करता येण्याजोगे बुटके टोमॅटो पुढे या गुणामुळेच शक्य झाले.

टांगायला दुसऱ्या गटातल्या, त्यातही बुटक्या किंवा लोंबत्या आणि लहान फळांच्या जाती घ्याव्यात. 'टंबलिंग टॉम' ही खास लोंबण्यासाठीच ओळखली जाणारी जात. 'मायक्रो-टॉम' तर जेमतेम वीतभर वाढते. फ्लोरिडा विद्यापीठाने १९८९ मध्ये ती घरगुती शोभेसाठी आणली आणि आता जगभरच्या प्रयोगशाळांत ती संशोधनाचं रोप झाली आहे. नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल. पाकिटावर 'बुटकी', 'झुडुपी' किंवा 'टांगत्या कुंडीसाठी' असं काही लिहिलंय का, तेवढं पाहा. बाजारातून आणलेल्या मोठ्या टोमॅटोच्या बिया पेरून टांगल्या, तर रोप येईल, पण त्याला कुंडी पुरणार नाही.

आता ते दोन लिटर

३० सेंटिमीटर तोंडाची अर्धगोल टोपली काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ७ लिटर मिश्रण मावतं. २५ सेंटिमीटरच्या टोपलीत जेमतेम ४ लिटर आणि ३५ च्या टोपलीत ११. तोंड पाच-पाच सेंटिमीटरनेच वाढतंय, पण पोट किती फुगतंय बघा. म्हणून दुकानात 'ही जरा मोठी वाटते' असं वाटलं तर तीच घ्या.

या ७ लिटरचं सगळं पाणी नसतं. त्यात कणांचीही जागा आहे, हवेचीही आहे. पाणी घालून जादाचं गळून गेल्यावर जे उरतं, त्यातलंही काही कणांना इतकं घट्ट चिकटलेलं असतं की मुळांना ओढता येत नाही. रोपाला सहज मिळेल असं पाणी साधारण २ लिटर धरा. भर उन्हाळ्यात, वारा असताना, फळांवर आलेलं रोप दिवसाला एक लिटर किंवा त्याहून जास्त पाणी सहज पिऊन टाकतं. म्हणजे टाकी दीड-दोन दिवसांची. माझ्या बाटलीत तर ती दुपारपर्यंतच होती.

जमिनीतल्या टोमॅटोचं तसं नाही. त्याची मुळं हातभर आणि त्याहून खोल जातात, आजूबाजूला पसरतात. एका घरात मोठी टाकी आहे आणि दुसऱ्या घरात एकच बादली, एवढा हा फरक. नळाला एक दिवस पाणी आलं नाही तर पहिल्या घराला पत्ताही लागत नाही.

त्यात ही बादली टांगलेली. कपडे फरशीवर पसरून वाळवा आणि दोरीवर वाळवा. दोरीवरचे आधी वाळतात, कारण वारा चहूबाजूंनी लागतो. टांगत्या कुंडीलाही बाजूंनी आणि खालूनही वारा लागतो. काथ्याचं अस्तर असलेली तारेची टोपली दिसायला सुरेख, पण तिच्या सगळ्या अंगाने पाणी उडतं. आतून प्लॅस्टिकचा कागद लावून त्याला तळाशी चार-पाच भोकं पाडली तर बरंच पाणी वाचतं. काळ्या रंगाची कुंडी उन्हात आणखी तापते आणि कडेची मुळं भाजून निघतात. फिक्या रंगाची बरी.

पाणी कधी घालायचं, हे कसं ओळखायचं?

बोट खुपसून पाहा, असं सगळे सांगतात आणि ते चुकीचं नाही. पण डोक्यावर टांगलेल्या कुंडीत रोज कोण बोट खुपसणार? मी सामान तोलायचा हुकाचा काटा कुंडी आणि साखळी यांच्यामध्ये अडकवून टाकला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे काटा थेट पाण्याचीच भाषा बोलतो. पाणी निथळल्यावर सकाळी ६ किलो ८०० ग्रॅम भरलेली टोपली एका उन्हाच्या दिवशी संध्याकाळी ५ किलो ७०० वर आली होती. अकराशे ग्रॅम, म्हणजे एका दिवसात लिटरभर पाणी हवेत! हा आकडा पाहिल्यावर 'आज घालू की उद्या' हा प्रश्नच मिटला. काटा नसेल तर तळहाताने कुंडी खालून किंचित उचलून पाहा. चार दिवसांत हाताला वजन कळायला लागतं.

मग भरपूर पाणी घातलं की झालं, असंही नाही. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तो इथेही हवा. वाफसा म्हणजे मातीत ओल आहे आणि हवाही आहे, अशी अवस्था. मुळांना श्वास लागतो. पाण्याने गच्च भरलेल्या मातीत ती गुदमरतात आणि गंमत म्हणजे अशा वेळीही पानं मलूल पडतात. माणसाला वाटतं तहान लागली, म्हणून आणखी पाणी.

तळाला खडे घातले तर निचरा चांगला होतो ना?

होत नाही. हा सल्ला इतका पसरलाय की माझंही त्यावर बरेच दिवस प्रेम होतं.

भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात बुडवा आणि आडवा धरा. पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल! स्पंज तोच आहे, फक्त उंची वाढली. आडवा असो वा उभा, स्पंजाच्या तळाशी पाण्याने गच्च भरलेला एक थर राहतोच, कारण बारीक छिद्रं पाणी धरून ठेवतात. उंच स्पंजात त्या थराच्या वर मोकळी जागा जास्त उरते, एवढंच. कुंडीतही तसंच होतं. भोकं कितीही असोत, तळाशी तो ओला थर असतो. खाली खडे घातले की बारीक मिश्रणातलं पाणी मोठ्या खड्यांत सहजी उतरत नाही आणि तोच ओला थर खड्यांच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येऊन बसतो. शिवाय आधीच लहान असलेलं पोट आणखी लहान झालं, ते वेगळं.

उपाय आहे तो मिश्रणात. नुसती बागेतली माती नको, ती जड असते आणि कुंडीत घट्ट बसते. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, आणि पाऊण-एक भाग परलाइटसारखं (पांढरे, हलके, फुगवलेले खडे) काही भरड, हे प्रमाण मला मानवलं आहे. कोकोपीट आधी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात मीठ असू शकतं. कुंडी एकदा पूर्ण कोरडी पडली तर मिश्रण आकसतं आणि काठापासून सुटतं. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली गळतं. खालून पाणी आलं म्हणून आपण समाधानी, आत मुळं कोरडीच. अशा वेळी अख्खी कुंडी काढून पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवायची.

बूड काळं पडतं, ते कॅल्शियम कमी म्हणूनच ना?

हो आणि नाही. फळाच्या देठाच्या विरुद्ध टोकाला तपकिरी-काळा, चामड्यासारखा डाग पडतो, तो तिथल्या पेशींना कॅल्शियम पोहोचलं नाही म्हणून. रोग नाही, कीड नाही. पण मिश्रणात कॅल्शियम नव्हतं, असं बहुधा नसतं. कॅल्शियम मुळांकडून निघालेल्या पाण्याच्या गाडीतूनच प्रवास करतं, आणि ही गाडी एकेरी आहे. पानात उतरलेलं कॅल्शियम परत निघून फळात जात नाही. पानांतून पाण्याची वाफ भराभर होते, म्हणून गाडी तिकडेच धावते. टोमॅटोच्या गुळगुळीत सालीतून वाफ फारशी होत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला कमीच येतं. मधेच कुंडी कोरडी पडली की गाडीच बंद. फळ वाढीच्या ऐन भरात असताना दोन दिवस असे गेले तरी डाग पडायला पुरतात.

'अंड्याची टरफलं घाला' या सल्ल्याची म्हणूनच मला गंमत वाटते. टरफलातलं कॅल्शियम विरघळायला फार वेळ लागतो. आज घातलेल्या टरफलाचा या हंगामाच्या फळाला उपयोग नाही. डाग पडलेली फळं काढून टाका आणि पाणी वेळेवर घाला. पुढची फळं स्वच्छ येतात.

कोरड्या कुंडीला एकदम भरपूर पाणी मिळालं की पिकत आलेली फळं तडकतात, तेही याच गोष्टीचं दुसरं टोक. आतला गर फुगतो आणि साल तेवढी ताणत नाही.

हे सगळं वजन पेलणार कोण?

७ लिटरच्या टोपलीत हलकं मिश्रण असेल तर ओली टोपली, रोप आणि फळं धरून आठेक किलो होतात. त्याच टोपलीत बागेतली माती भरून पाणी घाला, नुसती मातीच १२-१३ किलोंवर जाईल. वर वाऱ्याने झोके बसतात आणि झोक्यात हुकावर येणारा ताण स्थिर वजनापेक्षा जास्त असतो. म्हणून हुक आणि साखळी निदान दुप्पट-तिप्पट वजन पेलणारी हवी. हुक स्लॅबमध्ये किंवा तुळईत पक्का बसलेला हवा, दिखाऊ छताच्या पत्र्यात नाही. शिंकं तुटलं तर इथे बोक्याचंही काही फावणार नाही, आणि खाली रस्ता किंवा शेजारची गॅलरी असेल तर कठड्याच्या बाहेर काहीही टांगू नका.

फुलं येतात आणि गळतात

टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे दुसऱ्या रोपाची गरज नाही. पण परागकण एका बंद नळीत असतात, मिठाच्या डबीसारखे. डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही. काही जातीचे भुंगे फुलाला धरून अंग थरथरवतात आणि पराग झाडून घेतात. मधमाशीला ही युक्ती येत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून युरोपातल्या हरितगृहांत मुद्दाम पाळलेले भुंगे सोडू लागले. त्याआधी माणसं हातात कंपन करणारं यंत्र घेऊन घोसाघोसाला लावत फिरत.

टांगत्या कुंडीला वारा मिळतो, तेवढ्याने बरंचसं काम होतं. बंदिस्त गॅलरी असेल तर दुपारच्या आत, हवा कोरडी असताना, घोसाच्या देठावर टिचकी मारा किंवा विजेवर चालणारा टूथब्रश दोन सेकंद टेकवा. फुलातून पिवळी भुकटी उडताना दिसते, आणि एकदा पाहिल्यावर रोज सकाळी टूथब्रश घेऊन गॅलरीत उभं राहण्याचं व्यसन लागतं.

एवढं करूनही फुलगळ थांबत नसेल तर थर्मामीटर पाहा. दिवसा ३५ अंशांच्या आणि रात्री २४ अंशांच्या वर तापमान राहिलं की पराग कमकुवत होतो. रात्री १२-१३ च्या खाली गेलं तरी तेच. तेव्हा खत वाढवून उपयोग नाही. हवा बदलायची वाट पाहायची.

खताचं थोडक्यात: रोज पाणी घालतो आणि रोज थोडं खत भोकातून धुऊन जातं. त्यामुळे एकदम मूठभर घालण्यापेक्षा पाण्यात विरघळणारं खत, पाकिटावरच्या निम्म्या प्रमाणात, आठ-दहा दिवसांनी द्यावं. फुलं लागली की पालाश (पोटॅशियम) जास्त असलेलं. नत्र जास्त झालं तर पानंच पानं.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा कुंडी खाली ठेवली तर?

तर उत्तमच. खाली जागा असेल आणि तिथे रोज सहा तास ऊन येत असेल, तर २० लिटरची कुंडी जमिनीवर ठेवा आणि हा लेख विसरून जा. टाकी तिप्पट होईल, हुकाची काळजी जाईल. टांगण्याला अर्थ आहे तो खाली जागा नसताना, किंवा कठड्याच्या भिंतीमुळे ऊन फरशीपर्यंत पोहोचत नसताना. छातीच्या उंचीवर ऊन असतं आणि पायाशी सावली, अशा गॅलऱ्या पुष्कळ. तिथे कुंडी दीड मीटर वर गेली की तिला दोन-तीन तासांचं ऊन जास्त मिळतं. आधी एका सुट्टीच्या दिवशी खडूने भिंतीवर दर तासाला उन्हाची रेघ मारून पाहा, मग हुक ठोका.

फळ रोपावरच पूर्ण लाल व्हायची वाट पाहायची गरज नाही. बुडाशी गुलाबी झाक आली की तोडून घरात ठेवलं तरी ते पिकतं, कारण पिकवणारा इथिलीन वायू फळ स्वतःच तयार करतं. कडक उन्हाळ्यात तर हेच बरं. ३० अंशांच्या वर लाल रंग नीट तयार होत नाही आणि फळं रोपावर पिवळट-नारिंगी राहतात. फ्रीजमध्ये मात्र नको, तिथे पिकणं थांबतं आणि चवही जाते.

मर्यादित वाढीचं रोप एक-दोन बहर देऊन थकतं. ते उपटल्यावर त्या मिश्रणात लगेच पुन्हा टोमॅटो लावू नका, आणि वांगी, मिरची, बटाटाही नको, कारण ही सगळी एकाच कुळातली आणि त्यांचे बरेच रोगही सामाईक. मुळांचा गुंता झटकून त्यात ताजं कंपोस्ट मिसळा आणि एखादी पालेभाजी पेरा. तिला दोन लिटर पाणी पुष्कळ होतं.